घोरणें : गाढ झोंपेचें लक्षण कीं व्याधीची खूण?

ज्या थोड्या गोष्टींना आपण दुखणें न म्हणतां विनोद म्हणून सोडून देतों, त्यांत घोरण्याचा क्रमांक बराच वरचा आहे. घरांत कोणी मोठ्यानें घोरूं लागलें कीं मुलें तोंडावर हात ठेवून हसतात, पाहुणे सकाळीं चहाच्या वेळीं नक्कल करून दाखवितात, आणि त्या बिचाऱ्याला कुंभकर्णाची पदवी बहाल होते. आम्हां सोलापूरकरांना हा अनुभव नवा नाहीं. वैशाख महिन्यांत घरांच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात. मग गल्लींतील निम्मीं माणसें गच्चीवर किंवा अंगणांत अंथरूण टाकतात, व कोणाच्या घशांतून कोणता सूर निघतो याची माहिती साऱ्या आळीला होते. लहानपणीं माझे वडील घोरूं लागले म्हणजे आई आम्हां भावंडांना दटावून म्हणे, "हसूं नका रे, दिवसभर दमून आले आहेत, गाढ झोंप लागली आहे." घोरणें म्हणजे गाढ झोंप, ही समजूत आपल्या समाजांत इतकी खोल रुजली आहे कीं तिच्याविषयीं शंका घेण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. प्रस्तुत लेखांत तीच शंका घेण्याचें योजिलें आहे; कारण कांहीं माणसांच्या बाबतींत हा आवाज गाढ झोंपेचा नसून झोंप वारंवार मोडत असल्याचा असतो, आणि त्याच्या पाठोपाठ इतर दुखण्यांची एक रांगच घरांत शिरते.

प्रथम हें होतें कसें, तें पाहूं. आपण जागे असतों तेव्हां घशांतील स्नायु श्वासाची वाट ताणून उघडी ठेवतात. झोंप लागली कीं ते सैल पडतात. जीभ व मऊ टाळू मागें सरकतात, वाट अरुंद होते, आणि त्या अरुंद वाटेनें हवा जातां येतां टाळू व पडजीभ थरथरूं लागतात. हेंच घोरणें. साधें घोरणें पुष्कळांना असतें व त्या सर्वांना रोगी म्हणणें बरोबर होणार नाहीं. परंतु कित्येकांच्या घशांत ही वाट केवळ अरुंद न होतां पुरती मिटते. छाती व पोट श्वासासाठीं धडपडत असतात, पण हवा आंत जात नाहीं. दहा सेकंद, वीस सेकंद, कधीं कधीं त्याहूनहि अधिक वेळ असा जातो. रक्तांतील प्राणवायु उतरतो. अखेर मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, मोठा हुंकार किंवा आचका येऊन घसा मोकळा होतो व श्वास पुन्हां सुरू होतो. ही जाग इतकी निसटती असते कीं सकाळीं तिची आठवण राहत नाहीं. विकार तीव्र असला तर ताशीं तीस किंवा त्याहून अधिक वेळां हा प्रकार घडतो; म्हणजे एका रात्रींत माणसाचा गळा शेंकडों वेळां दाबला जातो, आणि तो मात्र उठून म्हणतो कीं मी रात्रभर झोंपलों! या विकाराला डॉक्टर लोक 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' म्हणतात. आपण त्याला झोंपेंतील श्वासावरोध म्हणूं.

हा रोग नवा नाहीं. त्याची ओळख मात्र अलीकडची आहे. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ सालीं क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरींत जो नांवाचा एक लठ्ठ मुलगा आहे. तो खातो, घोरतो व उभ्या उभ्या डुलक्या घेतो. वाचक त्याला हसले. पुढें सव्वाशें वर्षें लोटण्याच्या सुमारास, १९५६ सालीं, कांहीं अमेरिकन डॉक्टरांनीं अतिशय लठ्ठ व सदा पेंगणाऱ्या एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध करतांना त्याच्या दुखण्याला पिकविकचें नांव दिलें. १९६५ सालीं फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनीं अशा माणसांचा श्वास झोंपेंत खरोखरच थांबतो हें यंत्रानें नोंदवून दाखविलें, आणि १९७६ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथें या विकाराला आजचें नांव रूढ झालें. जें शास्त्राला इतक्या उशिरां दिसलें तें आपल्या घरांत आपल्याला दिसूं नये, यांत नवल नाहीं.

आतां मला या विषयाकडे वळविणारी हकीकत सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एक मुलगी पहिल्याच तासाला पेंगूं लागली. मुलगी अभ्यासू, वडील यंत्रमागाच्या कारखान्यांत कामाला, आई घरीं विड्या वळणारी. सारें कुटुंब एका खोलींत राही. मधल्या सुट्टींत मीं तिला जवळ बोलावून विचारलें, तेव्हां ती बराच वेळ बोलेना. मग खालीं पाहत म्हणाली, "सर, मी रात्रीं मोजत बसतें."

"काय मोजतेस?"

"बाबांचा श्वास. ते घोरतां घोरतां एकदम गप्प होतात. मग मी एक, दोन, तीन म्हणत राहतें. कधीं वीस होतात, कधीं तीस. मग ते एकदम आचका देऊन श्वास घेतात. चाळीस झाले तर आईला उठवायचें, असें मीं ठरवून ठेवलें आहे."

त्याच आठवड्यांत मी त्यांच्या घरीं गेलों. वडील पन्नाशीच्या आंतबाहेरचे, मान जाड, अंग सुटलेलें. रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू असूनहि तो खालीं येत नव्हता. सहा महिन्यांपूर्वीं मधुमेह निघाला होता. सकाळीं उठल्याबरोबर डोकें जड, रात्रीं लघवीसाठीं तीन तीन वेळां उठणें, छातींत जळजळ, आणि मागावर उभ्यानें डुलकी येऊं लागल्यामुळें मालकाची बोलणीं. प्रत्येक तक्रारीसाठीं वेगळें औषध होतें व तें ते मुकाट्यानें घेत होते. रात्रींच्या श्वासाविषयीं त्यांनीं कोणाला कांहींच सांगितलें नव्हतें. आणि सांगणार तरी कसें? जी गोष्ट घडते तेव्हां माणूस झोंपेंत असतो, तिची साक्ष तो स्वतः देऊं शकत नाहीं. ती साक्ष त्या मुलीजवळ होती, व ती तिला कोणी विचारली नव्हती.

येथें विद्यार्थी विचारतील कीं घशांतील अडथळ्याचा रक्तदाबाशीं, साखरेशीं आणि लघवीशीं संबंध काय? तो समजून घेण्याजोगा आहे. निरोगी माणसाचा रक्तदाब झोंपेंत सुमारें दहा ते वीस टक्क्यांनीं उतरतो. हृदयाला व रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांति. पण ज्याचा श्वास घडोघडी अडतो त्याचें शरीर रात्रभर संकटांत सांपडल्यासारखें वागतें. प्राणवायु उतरला कीं नाड्या आवळतात, हृदय जोरानें धडधडतें व दाब उसळतो. रोज रात्रीं हें चाललें कीं दिवसाचा दाबहि चढाच राहूं लागतो. या रोग्यांपैकीं सुमारें निम्म्यांना उच्च रक्तदाब असतो. आणि तीन तीन औषधांना जो दाब दाद देत नाहीं, तेथें तर हा विकार विशेषच आढळतो. रक्तदाब वाढविणाऱ्या कारणांची जी यादी अमेरिकेंतील राष्ट्रीय समितीनें २००३ सालीं दिली, तींत झोंपेंतील श्वासावरोधाला स्थान आहे.

हृदयाची गोष्ट याच्याच पुढची. बंद घशाविरुद्ध छाती ओढ घेते तेव्हां आंतल्या आंत हृदयाच्या भिंतींवर ताण पडतो. त्यामुळें हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार, हृदयाची दुर्बलता, तसेंच अर्धांगवायूचा झटका हे या रोग्यांत इतरांपेक्षां अधिक आढळतात. त्याच ताणामुळें हृदयाला भास होतो कीं शरीरांत पाणी फार झालें आहे. मग तें एक द्रव्य रक्तांत सोडून मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकण्याची सूचना देतें. रात्रीं वारंवार उठण्याचें हें एक कारण. वयस्क पुरुष तें केवळ वयावर टाकून मोकळे होतात.

मधुमेहाचेंहि असेंच. झोंप तुटत राहिली व प्राणवायु वारंवार उतरला कीं इन्सुलिनचा परिणाम मंदावतो व साखर वाढते. लठ्ठपणा तर या घरचा यजमानहि आहे व पाहुणाहि. मानेभोंवतीं व जिभेंत चरबी सांठली कीं वाट अरुंद होते. आणि झोंप नीट न झालेला माणूस दिवसा हालचाल कमी करतो व खातो अधिक, म्हणून वजन आणखी वाढतें. थायरॉइड ग्रंथि मंदावली असतां जीभ व घसा सुजून हा विकार उद्भवूं शकतो. याशिवाय छातींतील जळजळ, सकाळची डोकेदुखी, विसराळूपणा, चिडखोरपणा व मनाची उदासी हीं सोबतीस असतातच. घरांतला शांत माणूस एकाएकीं तापट झाला म्हणजे आपण त्याच्या स्वभावाला दोष देतों. त्याची झोंप कशी आहे हें आपण पाहत नाहीं.

तथापि शिक्षकाच्या नात्यानें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. दोन गोष्टी एकत्र आढळणें व एक दुसरीचें कारण असणें या निराळ्या गोष्टी होत. रक्तदाबाच्या बाबतींत श्वासावरोध हें एक कारण आहे याला चांगला पुरावा आहे. इतर कांहीं दुखण्यांच्या बाबतींत कोण कोणाला घेऊन आलें हें ठरविणें कठीण असतें. पुष्कळदां लठ्ठपणा हा दोघांचाहि मूळपुरुष निघतो. म्हणून प्रत्येक दुखण्याचें खापर घोरण्यावर फोडूं नये. पण जेथें तीं दुखणीं एकत्र जमलीं आहेत तेथें रात्रींची चौकशी टाळूंहि नये.

हा आजार साहेब लोकांचा, आपल्याकडे कोठला, असें कोणी म्हणेल. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉक्टर झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं नेहमींच्या तपासणीसाठीं आलेल्या ३५ ते ६५ वर्षें वयाच्या पुरुषांची पाहणी करून ती २००४ सालीं प्रसिद्ध केली. त्यांतील २५० जणांची झोंप यंत्रानें तपासली होती. तिजवरून त्यांनीं असा अंदाज बांधला कीं अशा शहरी पुरुषांपैकीं १९.५ टक्क्यांच्या झोंपेंत श्वासाचा बिघाड असतो, आणि ७.५ टक्क्यांना त्याबरोबर दिवसाची गुंगीहि असते. वजन, मानेचा घेर व मधुमेह यांच्याशीं या बिघाडाचा विशेष संबंध दिसला. हीं माणसें रुग्ण म्हणून आलेलीं नव्हतीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुढें १५ फेब्रुवारी २०२२ रोजीं प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी वयाच्या ६९ व्या वर्षीं मुंबईंत वारले. त्यांना इतरहि अनेक व्याधी होत्या. परंतु मृत्यूचें कारण झोंपेंतील श्वासावरोध असल्याचें रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं सांगितलें, तेव्हां या रोगाचें नांव अनेकांनीं प्रथमच ऐकलें.

लठ्ठ पुरुषांनाच हा रोग होतो असेंहि समजूं नये. जबडा लहान किंवा मागें असला तर सडपातळ माणसालाहि तो गांठतो. स्त्रियांत, विशेषतः पाळी गेल्यानंतर, त्याचें प्रमाण वाढतें. पण त्या मोठ्यानें घोरतीलच असें नाहीं. थकवा, डोकेदुखी, झोंप न लागणें एवढीच त्यांची तक्रार असते, आणि घरकामाच्या राशींत ती कोणाच्या कानांवर पडत नाहीं. मुलांत बहुधा टॉन्सिल व नाकामागील ॲडिनॉइड नांवाच्या गांठी वाढल्यानें वाट अडते. असें मूल तोंड उघडें टाकून झोंपतें, घामेजतें, अंथरूण ओलें करतें. आणि दिवसा पेंगण्याऐवजीं उलट चुळबुळ्या, हट्टी व अभ्यासांत लक्ष न लागणारें होतें. अशा मुलाला छडीची नव्हे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची गरज असते. पुष्कळ मुलांना त्या गांठी काढल्यावर चांगलाच आराम पडतो.

उपाय काय, तें थोडक्यांत सांगतों. प्रथम तपासणी. एक रात्र बोटाला, नाकाशीं व छातीला नोंद करणारीं साधनें लावून झोंपावें लागतें; पुष्कळांच्या बाबतींत हें घरींहि करतां येतें. विकार सौम्य असल्यास वजन उतरविणें, कुशीवर निजणें, दारू वर्ज्य करणें व झोंपेच्या गोळ्या स्वतःच्या मनानें न घेणें यांनीं बराच गुण येतो. कांहींना खालचा जबडा पुढें धरून ठेवणारी दांतांवरची पट्टी उपयोगी पडते. विकार मोठा असल्यास 'सीपॅप' हें यंत्र देतात. ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनीं तें काढलें व १९८१ सालीं प्रसिद्ध केलें. नाकावरील मुखवट्यांतून तें हवेचा हलका दाब देत राहतें व त्या दाबानें घसा मिटत नाहीं. लठ्ठपणावरील तिर्झेपॅटाइड या औषधाला डिसेंबर २०२४ मध्यें अमेरिकेंत, लठ्ठ रोग्यांतील मध्यम व तीव्र श्वासावरोधासाठीं, मान्यता मिळाली आहे.

यंत्र म्हणजे जादूची कांडी मात्र नव्हे. ज्यांना आधींच हृदयविकार किंवा मेंदूचा विकार जडला होता अशा २७१७ रोग्यांवर केलेला एक मोठा प्रयोग २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत यंत्रानें दिवसाची गुंगी कमी झाली, मन सुधारलें, कामावरचे खाडे घटले. पण पुढील हृदयविकाराचे व अर्धांगवायूचे झटके कमी झाल्याचें दिसलें नाहीं. तेथें रोग्यांनीं यंत्र रात्रींतून सरासरीनें साडेतीन तासांहूनहि कमी वेळ लावलें होतें, हेंहि ध्यानांत ठेवलें पाहिजे. म्हणून यंत्र आलें तरी रक्तदाबाच्या व साखरेच्या गोळ्या सोडावयाच्या नसतात. कमी करावयाच्या त्या डॉक्टरांनींच.

त्या मुलीच्या वडिलांचा अनुभव असाच आहे. तपासणींत विकार तीव्र निघाला. यंत्र प्रथम भाड्यानें आणलें. पहिले पंधरा दिवस त्यांनीं तें अर्ध्या रात्रींच काढून फेंकलें. हत्तीची सोंड लावून कोण झोंपतो, म्हणाले. मुखवटा बदलून दिल्यावर सवय झाली. सकाळची डोकेदुखी थांबली, रात्रींचें उठणें एकदांवर आलें, मागावरची डुलकी गेली. पुढें डॉक्टरांनीं रक्तदाबाच्या तीन गोळ्यांच्या दोन केल्या. मधुमेह आहे तसाच आहे व त्याचें पथ्य चालू आहे. मुलीला आतां मोजावें लागत नाहीं. ती रात्रीं झोंपते व पहिल्या तासाला जागी असते.

शेवटीं पालकांस दोन शब्द. आपल्या शहरावरून पुण्याकडे, हैदराबादेकडे व विजापुराकडे रात्रंदिवस मालमोटारी धांवतात. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कोणी ना कोणी चालक आहे. उपचार न झालेल्या या रोग्यांच्या हातून वाहनाचे अपघात इतरांहून अधिक घडतात. तेव्हां ही केवळ घरापुरती बाब राहत नाहीं. कॅनडांतील टोरांटो येथील डॉक्टर फ्रान्सिस चुंग यांनीं २००८ सालीं आठ साधे प्रश्न या रोगाच्या संशयासाठीं प्रचारांत आणले. मोठ्यानें घोरतां काय? दिवसा थकवा येतो काय? झोंपेंत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे काय? रक्तदाब आहे काय? उरलेले चार प्रश्न वजन, पन्नाशीवरील वय, मानेचा घेर व पुरुष असणें यांविषयींचे आहेत. त्यांतील तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर रोगी एकटा देऊंच शकत नाहीं. तें शेजारीं निजणाऱ्या पत्नीनें, पतीनें, आईनें अथवा मुलानें द्यावयाचें असतें. म्हणून रक्तदाबासाठीं वा साखरेसाठीं दवाखान्यांत जातांना घरच्या माणसाला बरोबर न्यावें, आणि त्या माणसानें, डॉक्टरांनीं विचारो न विचारो, रात्रीं काय ऐकूं येतें तें सांगावें. आतां फोनवर आवाज टिपतां येतो, तोहि न्यावा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्यां घरांत कोणी घोरूं लागलें तर हसायला हरकत नाहीं. घोरण्याचा सूर कधीं कधीं खरोखरच विनोदी असतो. पण मध्येंच तो थांबला तर हसूं आवरा व कान देऊन ऐका. श्वास पुन्हां केव्हां सुरू होतो तें पाहा, आणि सकाळीं वडिलधाऱ्यांना आठवणीनें सांगा. लहान तोंडीं मोठा घास म्हणून कोणी तुमच्यावर रागावणार नाहीं. आणि कोणी रागावलेंच, तर माझें नांव सांगा.